चाळीत दिवसभर बोलणारी मुलगी टॉवरमध्ये गप्प झाली, जागा बदलली की मूल बदलतं का?

निशिगंध_१७

नमस्कार मंडळी, बरेच दिवस या फोरमवर वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षीच्या मे पर्यंत आम्ही लोअर परळला चाळीत रहात होतो, सासू सासरे, आम्ही दोघं आणि ती, एक खोली आणि वर पोटमाळा. मग कर्ज काढून घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, सतरावा मजला, भरपूर उजेड, हवा, तिला स्वतःची खोली, खाली गार्डन, स्विमिंग पूल सगळं आहे. सासू सासरे मात्र चाळीतच राहिले, त्यांना जमणार नाही म्हणाले.

चाळीत ही पोरगी घरात सापडायचीच नाही. कुणाच्याही घरात जेवायची, कोणाची शुगर वाढली, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या दादाचा रिझल्ट लागला सगळं हिला आमच्या आधी माहीत. गणपतीत स्टेजवर चढून एकटीने नाच केला होता, तेव्हा पाच वर्षांची होती. आता दारावर बेल वाजली तरी आत पळते. शाळेतून मीटिंगला बोलावलं तर बाई म्हणाल्या मुलगी हुशार आहे पण फार शाय आहे, कोणात मिसळत नाही, विचारलं तर मान खाली. मी त्यांना म्हटलं अहो माझी मुलगी शाय नाहीये, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला स्वतःच्याच मुलीची माहिती नाही.

अजून एक गोष्ट मला फार लागते. शू रॅकजवळ बूट घालायला छोटं स्टूल ठेवलंय, ती ते संध्याकाळी दाराशी ओढते, वर चढते आणि दाराच्या त्या छोट्या काचेला डोळा लावून बाहेर बघत उभी रहाते. बाहेर काहीच नसतं, लॉबी आणि चार बंद दारं आणि लिफ्ट. दहा पंधरा मिनिटं बघते मग उतरते. विचारलं तर काही नाही म्हणते.

मला खरंच कळत नाहीये की मुलाचा स्वभाव असा एका वर्षात बदलतो का? की आम्ही तिचं काही नुकसान करून बसलो? तुमचे अनुभव प्लीज सांगा.

जुना_वरळीकर

ताई, धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला, वय आता ६३. तळमजला आणि वर तीन मजले, मधे लांबच लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूला खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात गोऱ्या साहेबाच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना म जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेच्या वर इमारती. आता पुनर्विकास होऊन ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, वरळीत पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. म्हणजे तुमच्या मुलीचं जे झालं ते आता हजारो पोरांचं होणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

पण एक सांगतो, चाळीला देव्हाऱ्यात बसवू नका. चाळीने मला धीट केलं हे खरं. जांबोरी मैदानावर मोठ्या पोरांबरोबर खेळून, मार खाऊन, भांडून आणि परत त्यांच्यातच जाऊन बसून जे शिकलो ते कुठल्या क्लासमध्ये मिळालं नसतं. पण त्याच पॅसेजने माझ्या धाकट्या भावाचं तोंड बंद केलं. तो बोलताना अडखळायचा. पॅसेजमधली सगळी पोरं त्याची नक्कल करायची, मोठी माणसंही हसायची, कोणाला त्यात काही वाईट वाटायचं नाही. दारं सगळी उघडी, लपायला जागा नाही, १६० फुटात सात माणसं. तो संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसायचा अंधार पडेपर्यंत. पुढे नोकरीनिमित्त नाशिकला गेला, भाड्याची एकट्याची खोली, तिथे हळूहळू मोकळा झाला, आज भजनी मंडळात पुढे बसून गातो. मला गाताना तो अडखळलेला आठवत नाही. एकाच आईची दोन पोरं, एकच पॅसेज, मला फळला आणि त्याला नाही फळला.

पिंपळपान

जुना_वरळीकर काका, भावाचं उदाहरण फार मोलाचं आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, ओपीडीमध्ये हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूल कोरी पाटी म्हणून जन्माला येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून थॉमस आणि चेस या डॉक्टर जोडप्याने १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की काही बाळं पहिल्यापासून नव्याला सहज सामोरी जातात, काही चिडतात, आणि साधारण १५ टक्के अशी की त्यांना नवीन माणूस नवीन जागा पचायला वेळ लागतो, घाई केली नाही तर ती छान मिसळतात. त्यांचं म्हणणं मला रोज कामाला येतं ते असं की मुलाचा पिंड चांगला की वाईट हे बघूच नका, मूल आणि भोवताल एकमेकांशी जुळतंय का ते बघा.

निशिगंध ताई, तुमची मुलगी कदाचित या हळू मिसळणाऱ्यांपैकीच असेल आणि चाळीत ते कधी कळलंच नाही, कारण तिथे तिला कोणाशी ओळख करून घ्यावीच लागली नाही, जन्मल्यापासून सगळे ओळखीचेच. इथे पहिल्यांदाच परक्यांत जायची वेळ आली आहे.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. एक, कान आणि डोळे तपासून घ्या, शाळेत कोणी त्रास देत नाही ना तेही शांतपणे बघा, थेट चौकशी न करता चित्रं काढताना, केस विंचरताना गप्पा मारा. दोन, घरी व्यवस्थित बोलते पण शाळेत महिनोन्महिने तोंडातून शब्दच नाही असं असेल तर त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नसतो, भीती असते, आणि त्यावर चांगली मदत मिळते, उशीर करू नका. आणि तिच्यासमोर "ही फार लाजाळू आहे हो" असं कोणालाही बोलू देऊ नका, नातेवाईकांना सुद्धा. मूल ते ऐकतं आणि मग तसंच वागायला लागतं.

स्पष्टवक्ता

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. मूल घडतं ते आईवडिलांच्या संस्काराने, भिंतींनी नाही. झोपडपट्टीतून कलेक्टर होतात आणि बंगल्यातली पोरं वाया जातात. आजूबाजूला दोष देणं सोपं असतं. आईवडील घरात बोलले, वेळ दिला, तर मूल कुठेही नीट वाढतं. ताई राग मानू नका पण तुम्ही दोघं नोकरी करता का?

निशिगंध_१७

स्पष्टवक्ता, हो दोघंही करतो. चाळीत होतो तेव्हाही करायचो. आईवडील तेव्हाही हेच होते आणि आताही हेच आहेत.

पिंपळपान, मनापासून आभार. शाळेत एक मैत्रीण आहे तिच्याशी बोलते म्हणाल्या बाई, त्यामुळे अगदी शब्दच नाही असं नाहीये. डोळे तपासायची अपॉइंटमेंट घेतली आजच.

पिंपळपान

संस्कार हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण आईवडील तेच ठेवून फक्त वस्ती बदलली तर काय होतं हे खरंच तपासलं गेलंय. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे ४६०० कुटुंबांमध्ये सोडत काढली, काहींना चांगल्या वस्तीत घर घ्यायला भाड्याची मदत दिली, काहींना नाही. मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी म्हणतात त्याला. ती पोरं मोठी झाल्यावर हिशोब केला तेव्हा दिसलं की १३ वर्षांच्या आत जी नव्या वस्तीत गेली त्यांची कमाई न गेलेल्यांपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त होती. आणि जी १३ नंतर गेली त्यांना फायदा नाहीच, उलट थोडा तोटाच झाल्यासारखं दिसलं, रुजलेलं रोप उपटून दुसरीकडे लावल्यासारखं. आईवडील सोडतीने बदलले नव्हते, गल्ली बदलली होती.

बांधावरची_बाई

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, १९ वर्षं झाली. आमच्या इथली पोरं दर वर्षी सहा महिने जागा बदलतात त्यामुळं या विषयावर मला बोलायलाच पाहिजे.

दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं. ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली असते, नवरा बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर भरून भांडी, कोंबड्या, म्हातारं माणूस, लेकरं सगळं कारखान्याकडं. तिकडं पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, म्हणजे झोपडी, पहाटे तीन चारला उठून फडात, आणि परत येणं मार्च एप्रिलला. लेकरू शाळेच्या पटावर असतं पण वर्गात नसतं.

चौथीतली एक पोरगी होती माझ्या वर्गात. गावात असायची तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसायची, फळ्यापाशी बोलावलं की रडायला लागायची, बेरीज तिला येत नाही असं मी रजिस्टरला लिहून ठेवलेलं, ते माझ्याच अक्षरात आहे अजून. त्या वर्षी शिक्षण हमी कार्डांसाठी आम्ही दोघी बाया कारखान्याच्या तळावर गेलो, पोरं जिथं गेलीत तिथल्या शाळेत बसावीत म्हणून ते कार्ड असतं. तर ही पोरगी रस्त्याच्या कडेला वाढ्याच्या पेंढ्या घेऊन बसलेली, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, जनावराला घालतात. एक मोटारसायकलवाला थांबला, त्यानं दहा पेंढ्या मागितल्या आणि पैसे कमी द्यायला लागला. ही पोरगी उभी राहिली, भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्याला म्हणाली, "काल एवढ्याच पेंढीला याच्यापेक्षा जास्त दिलं एकानं, तुम्हाला परवडत नसलं तर राहू द्या." हिशोब तोंडी केला, उरलेले पैसे मोजून परत दिले. मला बघितलं आणि गप्प झाली, मान खाली. माझ्यासमोर ती परत वर्गातली पोरगी झाली.

मी रात्रभर झोपले नाही. तिला बेरीज येत नव्हती हे खोटं होतं. माझ्या वर्गाला तिचं काही काम नव्हतं, आणि फडावर तिच्यावाचून कुणाचं चालत नव्हतं.

पण हे वाचून कुणी असं म्हणू नका की बघा कष्टानं पोरं कशी घडतात. ती नऊ वर्षांची होती. तिच्या हाताला उसाच्या पात्यानं कापलेलं होतं, पोटात सकाळपासून काही नव्हतं. धीट झाली ती खरी पण खेळणं विसरली होती, परत आल्यावर सागरगोटे खेळताना सुद्धा बाकीच्या पोरींना रागवायची, वेळ कशाला घालवता म्हणून. तुमच्या लेकीला नव्या घरात करायला काहीच उरलं नाही असं मला वाचताना वाटलं, आणि आमच्या लेकीला सगळंच करावं लागत होतं. मला विचारायचं होतं ताई, चाळीत तुमची लेक नेमकं काय काय करायची? खेळायची ते नाही, कामाचं विचारतेय. आणि संध्याकाळी साधारण किती वाजता उभी रहाते दाराशी?

राईनकाठ

बांधावरची_बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आम्ही जर्मनीत आहोत, मुलगा पुण्यात असेपर्यंत सोसायटीच्या गेटबाहेर एकटा गेलेला नव्हता. इथे पहिलीतली सहा वर्षांची पोरं दप्तर लावून शाळेत चालत जातात, दोघं तिघं मिळून. पहिले दोन महिने मी झाडाआडून त्याच्या मागे मागे गेलेय. चौथीत तर सायकलची परीक्षा असते, पोलीस येऊन रस्त्यावर घेतात, हात दाखवून वळणं, मागे बघणं सगळं. ज्या दिवशी तो पास झाला त्या दिवसापासून त्याची चाल बदलली, हे मी आई आहे म्हणून म्हणत नाही, त्याचे आजोबा व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा तेच म्हणाले. पण हेही सांगते की मराठीत जो मुलगा अखंड बोलायचा तो इथे वर्गात सात आठ महिने मुका होता. भाषा नसली की मूल स्वतःचा अर्धा स्वभाव घरी ठेवून जातं. तुमच्या मुलीची शाळा बदलली तेव्हा माध्यम बदललं का ताई?

डहाणू_लोकल

माझी आई डहाणूजवळच्या कोसबाडला बालसेविकेचं ट्रेनिंग घेऊन आली होती, त्यामुळे घरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं देवासारखी घेतली जायची. या धाग्यावर त्यांची आठवण यायलाच हवी.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई तेव्हाच त्यांच्यासोबत आल्या, १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला सगळे वारली पाडे. पोरं शाळेत येईनात. तेव्हा सगळे हेच म्हणायचे की आदिवासी पोरांना शिकायची आवडच नाही, बुजरी असतात, पळून जातात. या दोघींनी पोरांचा स्वभाव बघितला नाही, पोरं कुठे असतात ते बघितलं. घराच्या अंगणात असतात, तर अंगणातच बसून अंगणवाडी सुरू केली. मोठी पोरं गुरं घेऊन कुरणात जातात, तर कुरणशाळा केली, गुरं चरतायत आणि तिथेच झाडाखाली शिकणं. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून येत नाही, तर धाकट्यालाही घेऊन ये, पाळणाघर शेजारीच. साधनं म्हणजे शंख शिंपले, बिया, पानं, दगड. आई सांगायची की शहरातली खेळणी पुढे ठेवली तर पोरं हात मागे घ्यायची, आणि चिंचोके ठेवले की पुढे सरकून बसायची. ती हात मागे घेणारी आणि पुढे सरकणारी पोरं तीच होती.

१९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती पुढे देशभर अंगणवाडी याच नावाने घरोघरी पोचली. आज तो शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातलं अंगण दिसेनासं झालंय.

निशिगंध, तुमच्या टॉवरमध्ये अंगण कुठे आहे ते शोधा. गार्डन नाही म्हणत मी. गार्डनमध्ये मूल न्यावं लागतं. अंगणात ते आपसूक असतं.

निशिगंध_१७

बांधावरची_बाई, तुमचा प्रश्न वाचून मी फोन ठेवला आणि किचनमध्ये जाऊन रडले.

साडेपाच वाजता. ती साडेपाचला उभी रहाते.

चाळीत साडेपाचला पाणी यायचं. आमच्या नळाला आधी यायचं कारण खोली कोपऱ्यातली, आणि नळातून हवा सुटल्याचा आवाज आला की ही उठून गॅलरीभर पळत जायची, "पाणी आलंऽऽ पाणी आलंऽऽ" करत प्रत्येक दार वाजवायची. चार वर्षांची असल्यापासून. कोणी सांगितलं नव्हतं, तिनेच घेतलेलं काम. शेवटच्या खोलीत एक आजी एकट्या रहातात, गुडघे गेलेत त्यांचे, त्यांच्याकडे ही आत जाऊन नळाखाली कळशी लावायची आणि भरेपर्यंत थांबायची, मग आजी तिला डब्यातला एक खारा शेंगदाणा नाहीतर चिक्कीचा तुकडा द्यायच्या. एखाद्या दिवशी तापाने झोपली असेल तर चार घरातून माणसं विचारायला यायची की आज पोरगी ओरडली नाही, बरी आहे ना.

मी या सगळ्याला कधी काम म्हटलंच नाही. मला वाटायचं उंडारतेय. आणि नवीन घरात चोवीस तास पाणी आहे याचा मला केवढा आनंद झाला होता.

राईनकाठ, माध्यम तेच आहे, इंग्लिश, पण इथे मधल्या सुट्टीत मुलं आपसात हिंदी नाहीतर इंग्लिशच बोलतात. चाळीतल्या शाळेत सुट्टीत सगळा गोंधळ मराठीत असायचा. हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.

जुना_वरळीकर

ताई, रडू नका. चोवीस तास पाणी ही चांगलीच गोष्ट आहे, आमच्या आयांनी त्या नळापायी हाडं झिजवली. पोरीला घेऊन त्या आजींना भेटायला जा एखाद्या रविवारी, साडेपाचच्या आत पोचा. आणि तुमच्या मजल्यावर ती चार दारं आहेत ना, त्यातलं एखादं तरी म्हाताऱ्या माणसाचं असणार. बेल वाजवा. आमच्याकडे टॉवरमध्ये गेलेल्या एका भाच्याने काय केलं, सेफ्टी डोअर बंद आणि आतलं मेन डोअर संध्याकाळी दोन तास उघडं ठेवायला लागला. पहिले आठ दिवस सगळ्यांनी विचारलं काही झालंय का म्हणून. आता मजल्यावरची तीन दारं उघडी असतात.

स्पष्टवक्ता

निशिगंध ताई, नोकरीबद्दल विचारलं ते चुकलं माझं, माफ करा. माझी आई एकत्र कुटुंबातली होती आणि मी वाड्यात वाढलो, त्यामुळे वाड्याने जे केलं ते पण मी आईच्याच नावावर जमा धरत होतो बहुतेक. तुमचं नळाचं वाचून हे पहिल्यांदा लक्षात आलं.

निशिगंध_१७

महिन्याभराने धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विपू (विचारपूस) मध्ये विचारलं म्हणून.

डोळे ठीक आहेत, कान ठीक आहेत. चाळीत दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती आजींच्या दारात घुटमळली, आत जाईना, मला धस्स झालं. आजींनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या कळशी कुठे ठेवली दिसत नाही बघ जरा. मग गेली आत.

आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती काका काकू आहेत, मुलं दोघंही परदेशात. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, काकूंचे हात थरथरतात म्हणून संध्याकाळचे थेंब मी घालून देईन म्हटलं. मी ऑफिसमधून सहाला येते पण काकूच म्हणाल्या बेटी आठवण करून देईल आणि घड्याळ लावेल तरी खूप झालं, थेंब काकूच घालतील, तिने फक्त खालची पापणी धरायची. पहिले चार दिवस माझा नवरा सुट्टी घेऊन बरोबर गेला. आता ती एकटी जाते, साबणाने हात धुवून, पावणेसहाला. काकूंशी कुठल्या भाषेत बोलते माहीत नाही, अर्धं मराठी अर्धं गुजराती असं काहीतरी. परवा घरी येऊन मला ओरडली, "अगं काकांना डोळा चोळू देऊ नको म्हणून कितीदा सांगितलंय."

शाळेत अजून गप्पच आहे. बाईंना मी "शाय" हा शब्द तिच्यापुढे वापरू नका अशी विनंती केली आणि वर्गात काही काम देता येईल का विचारलं. त्यांनी वह्या वाटायचं दिलंय, प्रत्येक वहीवरचं नाव वाचून हाक मारायची. पहिल्या दिवशी नावं न वाचता नुसत्या बाकावर ठेवल्या म्हणे. या आठवड्यात सहा नावं मोठ्याने वाचली.

स्टूल शू रॅकजवळच असतं. काल एकदा चढली होती, काकांनी दार उघडलंय का बघायला.

बांधावरची_बाई

वाचून फार बरं वाटलं ताई. घड्याळ लावू देताय ते चांगलं केलं.

आमच्याकडं कालपासून गाड्या निघाल्या. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरं गावातच रहावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं, त्याला यंदा माझ्या वर्गातली अकरा पोरं राहिलीत, आज्यांकडं झोपतात, जेवण शाळेत. चार पोरांची नावं असूनही ती गेली, घरी सांभाळायला आजी नाही म्हणून. त्यांच्या कार्डांवर सही शिक्का करून आत्ताच पोस्टात टाकून आले. नंतर लिहिते, उद्या सकाळी अजून एक ट्रॅक्टर जायचाय, त्याच्या आधी एका आईशी बोलायचंय.